फुटणार नाही आणि सुरीही लागणार नाही: तांदळाची पाच ते पंचवीस किलोची पिशवी कशी ठरवावी

इंद्रायणी, आंबेमोहोर, आजऱ्याचा घनसाळ, भंडाऱ्याचा चिनोर. आपल्या भागातला तांदूळ आपल्याच नावाच्या पिशवीत भरून विकायला आता बऱ्याच शेतकरी उत्पादक कंपन्या आणि बचत गट उतरले आहेत. पिशवीचा विषय निघाला की पहिली चौकशी छपाईची होते. रंग किती घ्यायचे, भाताची लोंबी कुठे दाखवायची, नाव सोनेरी करता येईल का. हे सगळं नंतर. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून काढा: ही पिशवी घरातलं माणूस कुठून आणि कशाने उघडणार?

हा प्रश्न कुणी विचारला नाही की काय होतं ते बाजारात रोज दिसतं. पिशवी गिरणीपासून घरापर्यंत शाबूत येते, पण ओट्यावर आल्यावर तिला तोंडच सापडत नाही. मग सुरी खुपसली जाते. विणलेल्या पिशवीत सुरी घातली की प्लास्टिकच्या बारीक पांढऱ्या पट्ट्या सुटून तांदळात पडतात. पांढऱ्या तांदळात त्या दिसत नाहीत, आणि घरातली बाई ताटात तांदूळ पसरून निवडत बसते. तिच्या लेखी त्या वेळी तुमचा तांदूळच घाण असतो.

पिशवी मजबूत करायची म्हणजे ती उघडायला अवघड होणारच, अशी समजूत आहे आणि ती चुकीची आहे. आतल्या तांदळाचा रेटा सगळ्या बाजूंना, आतून बाहेर असतो. उघडणाऱ्या हाताचा जोर मात्र एकाच जागी आणि एकाच दिशेने पडतो. रेटा जितका पसरवाल तितकी पिशवी टिकते आणि हाताचा जोर जितका एका जागी आणाल तितकी ती सहज उघडते. दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत बसतात, फक्त उघडण्याची जागा पहिल्या दिवशी ठरलेली हवी. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या जागेभोवती रचल्या आहेत.

पायरी १: वजन ठरवताना वापर बघा

पाच किलोची पिशवी घरी आली की बहुतेक वेळा पूर्णच्या पूर्ण डब्यात ओतली जाते. म्हणून तिचं तोंड पूर्ण रुंदीचं आणि सरळ उघडायला हवं. कोपरा कापून दिलेली चोच इथे उपयोगाची नाही, कारण त्यातून पाच किलो तांदूळ ओतताना हात भरून येतो. पंचवीस किलोच्या कट्ट्याचं उलट असतं. तिथे पिशवीच कोठी होते आणि तिच्यातून महिनाभर मापाने तांदूळ काढला जातो. त्यामुळे तोंड उघडल्यावर ते गुंडाळून किंवा बांधून परत बंद करता आलं पाहिजे. वरती तेवढं मोकळं कापड ठेवावं लागतं. दहा किलोची पिशवी काही घरांत ओतली जाते, काही घरांत तशीच ठेवली जाते. दोन्ही शक्यता धरून चाला.

पंचवीस किलोबद्दल अजून एक गोष्ट. १८ जुलै २०२२ पासून आधीच भरलेल्या आणि लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्यावर ५ टक्के जीएसटी आला. त्यानंतर काही ठिकाणी २६ किलोची पोती बाजारात दिसू लागली. हिशेब समजतो, पण नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. हाताने वजन उचलण्याचं जे अमेरिकी सूत्र जगभर वापरलं जातं, त्यात सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही २३ किलोच्या वर मर्यादा जात नाही. तुमचा कट्टा तिसऱ्या मजल्यावर जिन्याने जाणार आहे आणि तो उचलणारा माणूस दिवसात असे कितीतरी कट्टे उचलतो. घरगुती गिऱ्हाईक हेच लक्ष्य असेल तर पाच आणि दहा किलोवर भर द्या.

पायरी २: माप काढा

पिशवीत किलो नाही, लिटर मावतात. पॉलिश केलेल्या तांदळाची घनता साधारण लिटरला ०.८ किलो धरा, म्हणजे दहा किलोला साडेबारा लिटर जागा लागते. आपल्या वाणाचं नेमकं मोजायचं तर एक लिटरचं माप न ठोकता भरा आणि वजन करा. आखूड, जाड दाणा आणि लांब, बारीक दाणा यांत फरक पडतो.

३५ सेंटीमीटर रुंद आणि ५५ सेंटीमीटर उंच सपाट पिशवी घेतली आणि वरचे चार सेंटीमीटर शिवणीत गेले, तर पूर्ण फुगल्यावर तिच्यात अंदाजे १४ लिटर मावतात. साडेबारा लिटर तांदूळ आणि वर दहा टक्क्यांच्या आसपास मोकळी जागा. हे प्रमाण चांगलं आहे. पिशवी गच्च भरली तर पडल्यावर तिला आकार बदलायला वाव राहत नाही आणि सगळा धक्का शिवणीवर येतो. फार मोकळी ठेवली तर आतली हवा पिशवीला उशीसारखी फुगवते, थप्पीत वरच्या पोत्यांच्या वजनाने ती हवा सील फोडून बाहेर येते. विणलेल्या पिशवीवर आतून-बाहेरून फिल्म चढवली असेल तर हवा निघायला वरच्या भागात सुईने पाडलेल्या बारीक भोकांची रांग लागते. भोकं बारीकच ठेवा, नाहीतर सोंडे आणि टोके या किड्यांना वाट मिळते.

आता एक हिशेब बघा, कारण नवखे इथेच फसतात. दहा किलोची पिशवी १.२ मीटर उंचीवरून पडली तर तिच्यात सुमारे ११८ ज्यूल ऊर्जा असते, पंचवीस किलोच्या कट्ट्यात सुमारे २९४. म्हणजे जवळपास अडीचपट. पण तळाची शिवण ३५ सेंटीमीटरवरून ४६ सेंटीमीटरच होते, दीडपटसुद्धा नाही. शिवणीच्या प्रत्येक सेंटीमीटरवर जवळजवळ दुप्पट मार येतो. म्हणून दहा किलोची चाललेली पिशवी फक्त मोठी कापून पंचवीस किलोला वापरू नका. कापड, धागा आणि दुमड या तिन्ही गोष्टी नव्याने ठरवा.

पायरी ३: फिल्म की विणलेलं कापड

बारदानवाल्याकडे गेलात की दोन घराणी दिसतील.

पहिलं फिल्मचं. बाहेर १२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पॉलिस्टर फिल्म, तिच्या आतल्या अंगाला छपाई आणि आत ८० ते १०० मायक्रॉनचं पॉलिथिन. पाच किलोला हे उत्तम. पॉलिस्टर कडक असतं, खाच मिळाली की सरळ फाटतं. पॉलिथिन लवचिक असतं, धक्का सोसतं आणि उष्णतेने जुळतं. या दोन थरांमधला चिकटपणा चांगला असेल तर पॉलिस्टर फाटताना पॉलिथिनलाही सोबत नेतं. चिकटपणा कमी असेल तर बाहेरचा थर फाटतो आणि आतलं पॉलिथिन नुसतं ताणत लांब होत जातं, तुटत नाही. नमुना हाती आला की पहिल्यांदा हेच करून बघा: खाचेपासून फाडा आणि कडेला दोन थर सुटलेत का ते पाहा. सुटले असतील तर नमुना परत करा.

दुसरं घराणं पॉलिप्रॉपिलिनच्या विणलेल्या कापडाचं. फिल्मच्या अरुंद पट्ट्या कापून त्या पाच-सहा पट ताणतात आणि गोल मागावर नळीसारखं कापड विणतात. ताणल्यामुळे पट्टी लांबीच्या दिशेने फार मजबूत होते. त्यावर छापलेली चकचकीत किंवा मॅट फिल्म वितळलेल्या प्लास्टिकच्या थराने चिकटवतात. दहा किलो आणि त्यापुढे हेच घ्या. पंचवीस किलोला ६५ ते ८० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचं) कापड पुरतं. रिकामी पोती उन्हात ठेवू नका, उन्हाने या पट्ट्या ठिसूळ होतात आणि बाहेरून काही कळत नाही.

या कापडाचा एक गुण नवख्यांच्या ध्यानात येत नाही. ते हाताने रेषेत फाटत नाही. एक पट्टी तुटली तरी पुढची आडवी पट्टी चीर अडवते. म्हणून विणलेल्या पिशवीला फाडायची खाच देणं व्यर्थ आहे. ती उघडणार ती शिवणीतूनच. शिवाय जास्त उष्णता लावली तर ताणलेल्या पट्ट्या आकसतात आणि कमजोर होतात, म्हणून तिला सहसा फिल्मसारखं सील मारत नाहीत, शिवतात.

कापड गरम पात्याने कापलेलं घ्या. पट्ट्यांची टोकं वितळून एकमेकांना चिकटतात आणि धागे सुटत नाहीत. थंड पात्याने कापलेल्या तोंडातून उघडताना तुकडे पडतात, आणि ते कुठे पडतात हे वर आलंच आहे.

पायरी ४: शिवण अशी की ती उसवता येईल

जुन्या तागाच्या पोत्याचं तोंड दाभणाने सुतळी घालून शिवलेलं असे. घरी आल्यावर मोठी माणसं सुतळी कापत नसत. गाठ सोडून अख्खी ओढून काढत आणि गुंडाळून ठेवत. पोतं शाबूत, सुतळीही शाबूत. आजच्या मशीनच्या शिवणीतही ही सोय आहे, फक्त ती गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

पोती शिवायचं हातमशीन बहुधा एकाच धाग्याचा साखळी टाका घालतं. पिशवीच्या एका अंगाला सरळ टाके दिसतात, दुसऱ्या अंगाला साखळीचे फासे. प्रत्येक फासा पुढच्या फाशात अडकलेला असतो. त्यामुळे ही शिवण फक्त एका टोकाकडून उसवते, जिथे ती संपली त्या टोकाकडून. तिथला धागा ओढला की सगळी शिवण एका झटक्यात निघते. दुसऱ्या टोकाकडून ओढलं की ती आवळत जाते. लोक अर्ध्या वेळा चुकीच्या टोकाने सुरुवात करतात, दोन मिनिटं झटापट करतात आणि मग कात्री शोधतात. दोष त्यांचा नाही, पिशवीवर काही लिहिलेलंच नसतं.

उपाय स्वस्त आहे. शिवताना पिशवीची छापील बाजू नेहमी कामगाराच्या समोर राहील असं ठरवा. मग शिवण प्रत्येक पिशवीवर एकाच कोपऱ्यात संपेल. त्या कोपऱ्यावर छपाईतच ठळक बाण टाका: ‘इथून धागा ओढा’. समोरच्या कोपऱ्यावर कामगारासाठी लहान खूण ठेवा: ‘शिलाई इथून सुरू’. ही शिस्त एका पाळीत मोडली तर तेवढ्या पिशव्यांवरचा बाण खोटं बोलेल, म्हणून भरणीच्या जागी रोज सकाळी दोन-चार पिशव्या उसवून बघायची सवय लावा.

दोन धाग्यांचा टाका जास्त मजबूत. त्यात सुईचा एक आणि खालचा एक असे दोन धागे असतात, आणि फाशांच्या बाजूचा धागा शेवटच्या टोकाकडून ओढला की दोन्ही सुटतात. तळ कायम दोन धाग्यांनी शिवा, कापड दुमडून शिवा. तळ कुणी उघडणार नाही, तिथे सोपेपणाची गरज नाही. तोंडाला दहा किलोपर्यंत एक धागा चालतो, पंचवीसला दोन घ्या. तोंडाचा धागा वेगळ्या रंगाचा ठेवा. पांढऱ्या पिशवीवर लाल धागा दिसला की वरची बाजू कोणती हे चष्म्याशिवाय कळतं आणि तळ उसवायचा अपघात टळतो.

टाके जास्त म्हणजे शिवण पक्की, असं नाही. प्रत्येक टाका हे कापडाला पडलेलं भोक आहे. भोकं जवळजवळ आली की पिशवी त्याच रेषेवर फाटते. दहा सेंटीमीटरमध्ये चौदाच्या आसपास टाके, आणि कडेपासून शिवण पुरेशी आत. शेवटी धाग्याचं शेपूट पाच-सहा सेंटीमीटर सोडा. त्याहून आखूड असेल तर बोटात येत नाही. फार लांब सोडलं तर गाडीत कशाला तरी अडकून पोतं वाटेतच उसवतं.

तांदळाऐवजी पीठ भरणार असाल तर एवढ्याने भागणार नाही. सुईच्या भोकांतून पीठ झिरपतं. तिथे शिवणीवर क्रेप कागदाची पट्टी लावून तिच्यातून ओढायची दोरी घ्यावी लागते, किंवा सरळ सील केलेल्या फिल्मकडे वळावं लागतं.

पायरी ५: सील आणि खाच

फिल्मच्या पिशवीत सील तीन गोष्टींनी ठरतं: तापमान, दाब, वेळ. पॉलिथिन साधारण ११० ते १२५ अंशांच्या दरम्यान वितळतं, पण सील मारणाऱ्या यंत्राच्या जबड्याचं तापमान त्याहून जास्त ठेवावं लागतं, कारण उष्णता पॉलिस्टरमधून आत जाते. प्रत्येक फिल्मचा आकडा वेगळा. पुरवठादाराकडून घ्या आणि मग स्वतः तपासा.

तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. सीलच्या आडव्या दिशेने १५ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापा, एक टोक पकडीत धरा, दुसरं ताणकाट्याला लावा आणि हळूहळू ओढा. पाच किलोच्या पिशवीला मी तीन-साडेतीन किलोचा ताण किमान मानते. त्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे ती पट्टी कशी सुटली. दोन थर स्वच्छ सुटले तर सील थंड बसलं, तापमान वाढवा. सीलच्या कडेवर तटकन तुटलं तर जास्त भाजलं गेलं, कड पातळ झाली. सीलपासून दूर फिल्म ताणत गेली आणि सील तसंच राहिलं तर जमलं. तांदळाचा कोंडा सीलच्या पट्ट्यात गेला की तिथे कधीच जुळत नाही, म्हणून भरणीची नळी सीलच्या जागेच्या खालपर्यंत आत गेली पाहिजे. गसेटची, म्हणजे बाजूंना आत घडी घातलेली पिशवी असेल तर जिथे चार पदरांचे दोन होतात तो कोपरा आधी गळतो. नजर तिथे ठेवा.

आता खाच. ती बाजूच्या सीलमध्येच हवी, सीलच्या बाहेर नाही. सील दहा मिलिमीटर रुंद असेल तर खाच तीन-चार मिलिमीटर खोल, म्हणजे तिच्या पुढे निदान पाच मिलिमीटर अखंड सील उरतं. खाच टोकदार असू द्या, गोल खाचेतून चीर सुरू होत नाही. दोन्ही बाजूंना द्या, कारण डावखुरं गिऱ्हाईकही आहे. खाचेच्या वर पकडायला अडीच-तीन सेंटीमीटर पट्टी हवी. एवढी पट्टी नसेल तर संधिवाताच्या बोटांना चिमूट बसत नाही.

फिल्मला दिशा असते. यंत्रातून ज्या दिशेने ती निघते त्या दिशेने पॉलिथिन सोपं फाटतं, आडवं फाडताना ताणतं आणि वाकडं जातं. फिल्मच्या रोलपासून पिशवी बनवत भरणाऱ्या उभ्या यंत्रावर फिल्मची दिशा पिशवीच्या उंचीला लागते, म्हणजे वरची आडवी चीर नेमकी कठीण दिशेला. तीन बाजूंनी सील केलेल्या तयार पिशव्या घेणार असाल तर पिशवीची रुंदी फिल्मच्या दिशेला लावता येईल का ते विचारा. बरेच कारखानदार हे करून देतात, विचारणारे कमी असतात. मोठी ऑर्डर असेल तर लेझरने फक्त पॉलिस्टरवर रेघ मारून घेता येते. आतलं पॉलिथिन शाबूत राहतं आणि चीर त्या रेघेवरून जाते. लहान ऑर्डरला तो खर्च परवडत नाही, तिथे चांगली खाच आणि फिल्मची दिशा यांवरच भागवा.

पायरी ६: हँडल

हँडल आणि खाच यांचं वैर असतं. पिशवी हँडलने उचलली की सगळं वजन त्या फाडायच्या रेषेतून वर जातं, आणि खाच म्हणजे त्या रेषेवर आधीच सुरू करून ठेवलेली चीर. म्हणून हँडल मधोमध आणि खाचा दोन्ही टोकांना, जितक्या लांब तितकं बरं. हँडलच्या भोकाचे कोपरे गोल हवेत. चौकोनी कोपऱ्यातून फाटायला सुरुवात होते. भोकामागे जाड फिल्मचा तुकडा चिकटवून घ्या.

विणलेल्या पिशवीत शिवणीच्या वर हँडलचं भोक असेल तर उचलताना ताण दोन्ही बाजूंच्या कापडातून जातो, धाग्यावर थेट येत नाही. तरीही सुईच्या भोकांची रेषा तिथे आहेच, म्हणून हँडलखाली दुहेरी कापड घ्या. पंचवीस किलोला हँडल देऊच नका. लोक एका हाताने उचलायला जातात आणि कंबर धरून बसतात.

पायरी ७: थप्पी आणि आकडी

चकचकीत फिल्मची पोती एकमेकांवरून घसरतात. मॅट फिल्म घ्या किंवा घसरण कमी करणारे पट्टे छापून घ्या. वाशीच्या किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात माल जाणार असेल तर हमालांच्या हातात आकडी असू शकते हे ध्यानात धरा. ‘आकडी लावू नये’ अशी खूण छापा, पण पोत्याचे वरचे दोन कोपरे मुठीत येतील एवढे मोकळे सोडा. पकडायला जागा नसेल तर आकडी लागणारच, तो त्या माणसाचा दोष नाही.

पायरी ८: पाडून बघा, मग उघडायला द्या

छपाईचे सिलिंडर बनवण्याआधी कोऱ्या पिशव्या आणा, स्टिकर लावा आणि चाचण्या करा. सिलिंडर रंगागणिक वेगळा लागतो आणि एकदा बनला की बाणाची जागा हलवता येत नाही.

खऱ्या वजनाने भरलेल्या दहा तरी पिशव्या घ्या. सिमेंटच्या जमिनीवर १.२ मीटरवरून पाडा: एकदा सपाट, एकदा लांब कडेवर, एकदा तळावर. प्रत्येक पिशवी तिन्ही प्रकारे, एकामागून एक. तळावर पडणं सगळ्यात कठीण. फुटली तर कुठून फुटली ते खडूने खूण करा. शिवणीच्या टोकाला फुटली तर शिवण अपुरी, शिवणीच्या रेषेवर कापड फाटलं तर टाके दाट, मधेच फाटलं तर कापड हलकं. भरल्यानंतर काही दिवस थप्पीत ठेवलेल्या पिशव्यांवरही हेच करा, कारण दुमडी पडलेल्या जागा नंतर दगा देतात. त्यानंतर काही पिशव्या टेंपोत घालून घाटातून एक फेरी करून आणा.

मग या मार खाल्लेल्या पिशव्याच माणसांना उघडायला द्या, कोऱ्या नाही. उघडायला सोप्या वेष्टनांसाठी आयएसओ १७४८० हे आंतरराष्ट्रीय मानक २०१५ पासून आहे, आणि त्यात वयस्क व हात अधू असलेल्या माणसांचा विचार मध्यभागी आहे. तुम्ही आपल्या पातळीवर हे कराच. साठीच्या पुढच्या बायका आणि पुरुष बोलवा. कात्री, सुरी, विळी समोर ठेवू नका. काही जणींना हात ओले करून येऊ द्या, स्वयंपाकघरात हात कोरडे नसतातच. कुठून उघडायचं ते अजिबात सांगू नका. ‘आजी, तो बाण बघा ना’ असं एकदा तोंडातून निघालं की चाचणी वाया गेली.

बघायचं ते हात आधी कुठे जातो. बाणाकडे न जाता दुसऱ्या कोपऱ्याकडे गेला तर बाण लहान आहे किंवा चित्रात हरवला आहे. धागा सापडला पण बोटात येत नसेल तर शेपूट आखूड. अर्धवट उघडून तांदूळ सांडला तर मोकळी जागा कमी. एका आजींना दात लावावे लागले तरी ती पिशवी नापास, बाकी सगळ्यांना जमली असली तरी.

प्रयोगशाळेचा अहवाल हवा असेल तर मुंबईत अंधेरीला १९६६ मध्ये स्थापन झालेली भारतीय पॅकेजिंग संस्था आहे, तिथे पिशव्यांच्या चाचण्या होतात. मोठ्या साखळी दुकानांना माल द्यायचा असेल तर तो अहवाल कामी येतो. ५० किलो धान्याच्या विणलेल्या पोत्यांसाठी आयएस १४८८७ हे भारतीय मानक आहे. लहान पिशवी बनवतानाही ते एकदा वाचून काढा, कापड आणि शिवण कशी तपासायची ते त्यातून कळतं.

पायरी ९: छापायचं काय

निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, एका किलोचा दर, भरल्याचा महिना व वर्ष, नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक, हिरवी शाकाहाराची खूण. हे सगळं नियमाने लागतं. शाई अन्नवेष्टनाला चालणारी, आयएस १५४९५ प्रमाणे, असं पुरवठादाराकडून लेखी घ्या. प्लास्टिकच्या कचऱ्याची जी जबाबदारी उत्पादकावर आहे तिची नोंदणी कुणाच्या नावावर होणार हेही आधी विचारा. बाण आणि ‘इथून धागा ओढा’ हे शब्द या गर्दीपासून वेगळे, किमान बोटाच्या पेराएवढे मोठे ठेवा. त्यांच्याभोवतीची जागा रिकामी सोडा, तिथे लोंबीचं चित्र नको.

पायरी १०: ऑर्डर आणि त्यानंतर

बारदानवाल्याला ‘दहा किलोची चांगली पिशवी’ एवढंच सांगू नका. लेखी द्या: लांबी-रुंदी, कापडाचं जीएसएम किंवा फिल्मचे थर व मायक्रॉन, गरम कटिंग, तळाला दुमड आणि दोन धागे, दहा सेंटीमीटरला टाके किती, तोंडाच्या धाग्याचा रंग, खाचेची जागा व खोली, मॅट की चकचकीत. शेवटी एक ओळ: १.२ मीटरवरून तीन वेळा पाडल्यावर न फुटणारी. माल आला की गठ्ठ्याच्या मधल्या पिशव्या काढून तपासा, वरच्या नेहमी चांगल्याच असतात.

पहिला माल विकला गेल्यावर ओळखीच्या दुकानदारांना आणि गिऱ्हाइकांना रिकाम्या पिशव्या परत मागा, बदल्यात पुढच्या पिशवीवर चार रुपये सोडा. रिकामी पिशवी फार बोलते. धागा टोकापासून टोकापर्यंत निघालेला असेल तर काम झालं. धागा मध्यावर तुटून पुढे कात्रीने कापलेलं असेल तर धागा हलका आहे. बाणाशेजारीच सुरीची चीर असेल तर बाण दिसला पण जमलं नाही, ही सगळ्यात महत्त्वाची पिशवी, ती बाजूला काढा. तळ उसवलेला असेल तर वर-खाली ओळखू आलं नाही. प्रत्येकीवर बॅचचा नंबर आणि भरणीची तारीख लिहून गठ्ठा बांधा, आणि दुसरी ऑर्डर द्यायला जाताना तो गठ्ठा सोबत न्या.